रकान्यातले वीस

परीक्षेचा हंगाम आला की नर्सिंगच्या मुलामुलींवरून तोच तो वाद पुन्हा पेटतो. कुठल्या तरी केंद्रावर चिठ्ठ्या सापडतात आणि लोकांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, उद्या हीच मुलगी तुमच्या-आमच्या शिरेत सुई घालणार आहे, रस्टिकेट करा तिला, हॉलमध्ये कॅमेरे लावा. दुसरा म्हणतो, अहो, शेतमजुरांच्या पोरी, बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या, त्यांच्यापुढे एकदम इंग्रजीतलं अॅनाटॉमी ठेवलंत तर दुसरं काय होणार? मी २२ वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं, त्यामुळे घरच्या लग्नकार्यातसुद्धा मला या वादात ओढतात. माझं म्हणणं दोन्ही तटांना रुचत नाही. चोरी झाली एका खोलीत आणि तुम्ही झडती घेताय दुसऱ्याच खोलीची. नर्सिंगमधली लबाडी परीक्षेच्या हॉलमध्ये क्वचितच सुरू होते. ती वॉर्डात आणि केसबुकात, म्हणजे मुलींनी वॉर्डात केलेल्या कामाच्या नोंदवहीत, शिकवली जाते. शिकवणाऱ्या आम्ही, आणि ती नीट शिकल्याबद्दल इंटर्नल मार्क देणाऱ्याही आम्हीच.

म्हणजे काय, ते एका रकान्यावरून सांगते. पेशंटच्या टीपीआर चार्टवर टेंपरेचर, पल्स आणि रेस्पिरेशन असे तीन आकडे असतात. पहिल्यासाठी थर्मामीटर आहे, दुसरा आजकाल बोटाला लावलेलं यंत्रच सांगतं. तिसरा मात्र मोजावाच लागतो, आणि तोही पेशंटला न कळू देता, कारण आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून आम्ही शिकवतो की नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही, हात तिथेच ठेवून नजर छातीवर न्यायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. पेशंट खालावत असेल तर बऱ्याचदा सगळ्यात आधी हाच आकडा बोलतो. आता कुठल्याही गर्दीच्या वॉर्डात जा आणि चार्ट चाळा. तापाचा माणूस, फ्रॅक्चरचा, दम्याचा, आजच ऑपरेशन झालेला, सगळ्यांचे श्वास वीस. सकाळी वीस, दुपारी वीस, रात्री वीस.

एकदा फर्स्ट इयरच्या एका मुलीने नेमानं मनगट धरून एका आजोबांचे श्वास मोजले आणि बत्तीस लिहिले. ड्युटीवरच्या सिस्टर तिच्यावर खेकसल्या, "सकाळी वीस होते, आता बत्तीस कसे? डॉक्टर मला विचारतील." पोरगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. मी पुन्हा मोजले, बत्तीसच होते. डॉक्टरांना बोलावलं, आजोबांना संध्याकाळी आयसीयूत हलवलं. इथपर्यंत गोष्ट छान आहे, प्रशिक्षणात सांगण्यासारखी. पण पुढच्या आठवड्यात मी त्याच मुलीचे चार्ट पाहिले. सगळीकडे वीस. तिला कॉपी करायला कुणी शिकवलं?

हे मला परीक्षेतल्या चिठ्ठीपेक्षा गंभीर का वाटतं? चिठ्ठीवाली मुलगी परीक्षकाला फसवते. वीस लिहिणारी मुलगी पुढच्या पाळीतल्या सिस्टरला फसवते, राउंडला येणाऱ्या डॉक्टरला फसवते, आणि त्या आकड्याच्या भरवशावर औषध ठरत असेल तर पेशंटला. नर्सिंगमध्ये पहिल्या वर्षापासून घोकून घेतलेलं वाक्य आहे, 'लिहिलं नाही म्हणजे केलं नाही.' वाक्य बरोबर आहे, कोर्टातही उपयोगी पडतं. पण मुलींनी त्याचा उलटा अर्थ अचूक हेरला आहे: लिहिलं म्हणजे केलं.

कडक शिक्षेवाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करते. जो वर्गात लबाडी करतो तो वॉर्डातही करण्याची शक्यता जास्त, ही नुसती आजीबाईची समजूत नाही. १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचं वर्गातलं गैरवर्तन आणि वॉर्डातलं गैरवर्तन यांचा संबंध आढळला होता. दोन गोष्टी जोडीनं दिसल्या म्हणून एकीतून दुसरी निघते असं होत नाही, पण वाऱ्यावर सोडण्यासारखा मुद्दा नाही हेही खरं. तरीही कडक परीक्षेनं प्रश्न सुटतो का? महाराष्ट्रात परीक्षांमधल्या गैरप्रकारांविरुद्धचा कायदा १९८२ चा आहे. चाळीस वर्षं उलटून गेली. दर मार्चमध्ये कॉपीमुक्त अभियान राबवावं लागतं, यातच त्या कायद्याचं प्रगतिपुस्तक आलं.

आणि समजा, परीक्षा खरोखर अभेद्य केली, तरी? अमेरिकेचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या तपास यंत्रणांनी 'ऑपरेशन नाइटिंगेल' जाहीर केलं. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग स्कूलांमधून ७,६०० हून जास्त बनावट पदविका आणि गुणपत्रकं विकली गेली होती. पैसे मोजा आणि वॉर्डाचं तोंडही न पाहता नर्सिंग पूर्ण केल्याचा कागद घ्या. त्या कागदावर लायसन्सच्या परीक्षेला बसता येत होतं. ही परीक्षा संगणकावर होते, तिथे चिठ्ठी-बिठ्ठी चालत नाही. तरीही विकतच्या पदविकावाल्यांपैकी सुमारे २,४०० जण ती रीतसर पास झाले. मग काही जण विचारू लागले की परीक्षा पास झाले, पेशंटला इजा झाल्याचा पुरावा तपासात मिळाला नाही, तर बिघडलं कुठे? प्रश्न बिनतोड वाटतो. पण परीक्षा ज्ञान तपासते. पदविका वेगळीच साक्ष देते: ही व्यक्ती इतके तास वॉर्डात उभी होती, तिने इतक्यांच्या जखमा धुतल्या, इतक्या वेळा चुकली आणि कुणीतरी तिचा हात धरून सुधारलं. ही साक्ष खोटी होती. आता आमच्याकडची केसबुकं उघडा. फ्लोरिडात साक्ष विकत घ्यावी लागली, आमच्या मुलींना ती बाईंच्या सहीनिशी फुकट मिळते. त्यांनी फी भरलेली असते, हे मात्र खरं.

परीक्षेवरचा हा वाद नवा नाही. १८८७ साली इंग्लंडमध्ये एथेल बेडफर्ड फेनविक यांनी परिचारिकांची संघटना काढली आणि परीक्षा व सरकारी नोंदणीची मागणी लावून धरली. कडाडून विरोध कुणी केला? खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. परीक्षेत पाठांतर कळतं, पेशंटच्या उशाशी बाई कशी वागते ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. फेनविकबाई जिंकल्या, १९१९ मध्ये कायदा झाला, आणि झालं ते बरंच झालं, नाहीतर आजही कुणीही टोपी घालून स्वतःला सिस्टर म्हणवून घेतलं असतं. नाइटिंगेलचा उपाय चुकीचा होता. शंका मात्र रास्त होती, आणि ती आपण उपायाबरोबर फेकून दिली. नाइटिंगेलच्या नावाचा सोहळा तेवढा ठेवला. शपथविधीला आमच्या मुली अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखी पणती हातात धरतात आणि नाइटिंगेलच्या नावची प्रतिज्ञा म्हणतात. ती प्रतिज्ञा तिने लिहिलीच नव्हती, १८९३ मध्ये डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने तयार केली. क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात तिने वापरलेला दिवाही तसा नव्हता, घडीचा तुर्की कंदील होता. असो. प्रामाणिकपणाची शपथ निदान खऱ्या मजकुराने सुरू करायला काय हरकत आहे, एवढंच मनात येतं.

आता सहानुभूतीवाल्यांकडे वळते. माझा जीव खरं तर त्यांच्याच बाजूला ओढतो. भाषेचा अडसर खरा आहे. 'युटेरस' म्हणजे गर्भाशय हे मुलीला पक्कं ठाऊक असतं, बाळंतपण तिने घरात पाहिलेलं असतं, आणि तरी पेपरात तिला 'फिजिऑलॉजी ऑफ लेबर' वर इंग्रजीतून पाच मार्कांचं उत्तर लिहायचं असतं. ती पाठ करते, विसरते, चिठ्ठी नेते. या मुलीला वर्षभर घरी बसवलं की तिचं लग्न लावून देतात, ही आमच्या भागातली साधी वस्तुस्थिती आहे. तिच्या मूळ मार्कशीट कॉलेजच्या कपाटात असतात, त्यामुळे कॉलेजविरुद्ध तोंड उघडण्याचा प्रश्नच नाही. हे सगळं कबूल. पण या युक्तिवादाने चिठ्ठीचा उलगडा होतो, विसाचा होत नाही. श्वास मोजायला इंग्रजी लागत नाही. आकडे तिला येतात. उलट, भाषा आड येत नाही अशा एकमेव ठिकाणी ती सगळ्यात बेधडक खोटं लिहिते, कारण तिथे खोटं लिहिणं हाच रिवाज आहे. गरिबीची ढाल पुढे करून आपण त्या मुलीला वाचवत नाही, तिला हा रिवाज लावणाऱ्यांना वाचवतो.

वरचे लोक काय करतात ते मुली बघत असतात. मध्य प्रदेशात काय झालं? शेकडो नर्सिंग कॉलेजांबद्दल तक्रारी झाल्या. कुठे इमारत नाही, कुठे हॉस्पिटल नाही, एकच शिक्षक अनेक कॉलेजांच्या हजेरीवर. हायकोर्टाने सीबीआयला तपासणी करायला लावली. अहवालात ६६ कॉलेजं अपात्र निघाली आणि १६९ पात्र. मग मे २०२४ मध्ये सीबीआयने स्वतःच्याच अधिकाऱ्याला अटक केली, 'पात्र' शेऱ्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून. पात्र ठरलेल्या कॉलेजांची तपासणी कोर्टाने नव्याने करायला लावली. हसावं की रडावं? पण मध्य प्रदेशाला हसण्याआधी मी स्वतःकडे बघते. एका कॉलेजात तपासणीच्या दिवशी दुसऱ्या कॉलेजातून जीप करून आणलेल्या मॅडमना मी 'या आमच्या कम्युनिटी हेल्थच्या विभागप्रमुख' म्हणून ओळख करून देऊन चहा दिला आहे. दारात गुलाबाची फुलं घेऊन थर्ड इयरच्या मुली उभ्या होत्या. त्यांनी त्या मॅडमना आयुष्यात प्रथमच पाहिलं होतं, आणि तरी 'गुड मॉर्निंग मॅम' एका सुरात म्हटलं. दोन महिन्यांनी त्यांच्यातली एक चिठ्ठीसकट सापडली, तेव्हा प्राचार्यांनी तिला सचोटीवर अर्धा तास सुनावलं. मी बाजूलाच बसले होते. खाली मान घालून.

राहिला तिसरा मुद्दा, आणि तो वॉर्डातल्या सिस्टर मांडतात, म्हणून मला तो सगळ्यात वजनदार वाटतो. त्या म्हणतात, मॅडम, तुम्ही एसी क्लासरूममध्ये बसून बोलता (एसी कधी नव्हता, पण ते जाऊ दे). रात्रपाळीला एकटीकडे ४० ते ५० पेशंट. प्रत्येकाचा श्वास एक मिनिट मोजायचा तर निव्वळ त्यालाच पाऊण तास जातो, मध्ये दोन सलाइन संपणार, एक नातेवाईक भांडणार, एक नवी अॅडमिशन येणार. वीस लिहिल्याशिवाय पाळी निभत नाही. हिशेब चोख आहे. पण याच हिशेबाचा पुढचा भाग कुणी करत नाही. दर दोन-चार वर्षांनी परिचारिका पदभरतीसाठी संपावर जातात, आझाद मैदानात बसतात. त्यांच्या मागणीविरुद्ध सगळ्यात मोठा पुरावा कोणता? त्यांनी स्वतः भरलेला चार्ट. कागद सांगतो की एका सिस्टरने ५० जणांचं सगळं निरीक्षण वेळेवर केलं, एकही रकाना मोकळा नाही. मग दुसरी सिस्टर कशाला हवी? रकाना रिकामा राहिला असता, त्यापुढे 'मनुष्यबळाअभावी घेता आले नाही' असं लिहून सही असती, तर ती सही हजार घोषणांपेक्षा जड गेली असती. आपल्या सोयीसाठी लिहिलेलं वीस प्रशासनाच्या सोयीचं ठरतं. तुटवड्यावर पांघरूण घालायला तुटवड्याने पिचलेल्या बाईचाच हात वापरला जातो.

इथे नाइटिंगेल पुन्हा आठवते, पण दिवा घेतलेली नव्हे, वही घेतलेली. १८५४ मध्ये ती स्कुटारीला पोचली तेव्हा मृत्यूंच्या नोंदींचा एकमेकींशी मेळ नव्हता. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथला मृत्युदर ४२ टक्क्यांच्या घरात गेला, म्हणजे तिच्या देखरेखीखालच्या हॉस्पिटलात माणसं माश्यांसारखी मरत होती. मार्चमध्ये सॅनिटरी कमिशन आलं, गटारं उपसली गेली, आकडे खाली आले. युद्धानंतर तिने हे आकडे झाकले नाहीत, त्यांच्या रंगीत आकृत्या काढून मंत्र्यांपुढे ठेवल्या. स्वतःच्या वॉर्डाचा काळा आकडा तिने लपवला असता तर सैन्याच्या आरोग्यव्यवस्थेत एक वीट हलली नसती.

कुणी म्हणेल, खरं लिहिणाऱ्या नर्सचं काय होतं ते बघा ना. बघू या. डिसेंबर २०१७ मध्ये नॅशव्हिलच्या एका हॉस्पिटलात राडोंडा व्हॉट या नर्सने गुंगीच्या औषधाऐवजी स्नायू लुळे करणारं औषध दिलं, ७५ वर्षांच्या बाई दगावल्या. चूक लक्षात येताच तिने ती सांगितली. मार्च २०२२ मध्ये तिला गुन्हेगार ठरवण्यात आलं, मे महिन्यात तीन वर्षांचं प्रोबेशन झालं. चूक भयंकर होती, बाटलीवरचा इशारा तिने वाचला नव्हता, हे खरंच. पण त्या निकालानंतर जगभरच्या नर्सेसनी धडा काय घेतला असेल? तुमच्या पोटच्या पोरीला तुम्ही काय सल्ला दिला असता? विमान वाहतुकीत हाच पेच होता. १९७६ पासून अमेरिकेत वैमानिक आपली अनवधानाने झालेली चूक दहा दिवसांत नासाच्या यंत्रणेला कळवू शकतात, नाव गुप्त राहतं, दंडापासून सूट मिळते. चूक सांगणारा शहाणा ठरतो आणि लपवणारा धोका पत्करतो, अशी ती रचना आहे. आमच्याकडे इन्सिडेंट रिपोर्ट लिहिणाऱ्या मुलीला 'फार शहाणी समजतेस का' असं विचारतात. तोच शब्द, अर्थ उलटा.

आणि तरीही, या व्यवसायातली सचोटी कॅमेऱ्याशिवाय जगू शकते, याचा पुरावा मुंबईत आहे. केईएममध्ये १९७३ पासून १८ मे २०१५ पर्यंत तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग, हल्ल्यात जायबंदी होऊन, अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तिथल्या परिचारिकांच्या सेवेचं तोंडभरून कौतुक केलं. इतक्या वर्षांत अरुणांना एकही बेडसोअर (पडून राहिल्याने होणारी जखम) झाला नाही. बेडसोअर न होऊ देणं म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणं, पहाटे तीनलाही, कुणी बघत नसताना. चार्टवर 'पोझिशन बदलली' असं लिहून जखम टळत नाही. पाठीची कातडी खोटं बोलत नाही. पिढ्या बदलल्या, सिस्टर निवृत्त झाल्या, नव्या आल्या, आणि कूस बदलत राहिली. हे कुठल्या परीक्षेतून आलं? मोठ्या सिस्टरचा हात बघून धाकटीचा हात वळला, एवढंच. विसाचा आकडाही अगदी याच वाटेने वळणी पडतो.

मग करायचं काय? मोठ्या योजना माझ्याकडे नाहीत. केसबुकात 'केले' या रकान्याशेजारी 'फक्त पाहिले' आणि 'संधी मिळाली नाही' असे दोन रकाने छापा, आणि ते भरल्याबद्दल मार्क कापू नका. घरी बसून लिहायचे केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेचे आराखडे, बंद करा. पूर्वी ते सीनियरच्या वहीतून उतरायचे, आता चॅटजीपीटी लिहून देतं, आणि खरं सांगायचं तर सीनियरपेक्षा बरं लिहितं. त्याऐवजी पेशंटच्या खाटेशी उभं राहून दहा मिनिटं तोंडी विचारा. मूळ कागदपत्रं मुलींच्या ताब्यात द्या.

शेवटी प्रसूतीचं केसबुक. पदवीच्या ज्या अभ्यासक्रमाला मी शिकवलं, त्यात प्रत्येकीने स्वतःच्या हाताने २० नॉर्मल प्रसूती करायच्या असत. चाळीसच्या बॅचला ८०० झाल्या. आमच्यासारखी तीन कॉलेजं एकाच सरकारी रुग्णालयात मुली पाठवत, म्हणजे २,४००. वरून इंटर्न डॉक्टर, वरून सिझेरियन. लेबर रूमचं पोस्टिंग काही आठवड्यांचं. कुठल्या गणिताने ते वीस भरणार होते? एका वर्षी बीडकडची एक अबोल मुलगी केसबुक घेऊन माझ्या टेबलाशी आली. अकरा केसेस लिहिलेल्या. त्यातल्या चारांपुढे पेन्सिलने बारीक अक्षरात 'पाहिली, केली नाही' असं. बाकीची पानं कोरी. विद्यापीठाला रेकॉर्ड पाठवायची तारीख चार दिवसांवर होती. मी ती पानं उलटली, पेन्सिलच्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अगं, हे खोडून टाक. आणि सोमवारपर्यंत वीस कर." ती "हो मॅडम" म्हणाली. सोमवारी केसबुक आलं. सुवाच्य अक्षर, वीस बाळं, वीस वजनं, वीस आयांची नावं.

मी सही केली.